ओळख नसलेल्या घरात भूत कसं येणार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते इतरांनाही कळेल. तुम्ही चौघं मित्र अंबाजोगाईजवळच्या एका जुन्या वाड्यात वीस मिनिटांचा भयपट करणार आहात. तयारी म्हणून राम गोपाल वर्मांचा २००३चा 'भूत' पाहिलात आणि त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपलात. मग मोठ्या आशेनं त्यांचाच २०१२चा 'भूत रिटर्न्स' लावलात आणि अर्ध्यातच हात मोबाइलकडे गेला. दिग्दर्शक तोच. घर आहे, लहान मुलगी आहे, बाहुली आहे, रात्र आहे, आवाज तर पहिल्यापेक्षा चढाच आहे. मग भीती गेली कुठं? आणि आपल्या फिल्मचं असं होऊ नये म्हणून काय करायचं?

मी सव्वीस वर्षं सिनेमाच्या आवाजाचं काम करतोय. आधी सेटवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरली, मग साउंड एडिटिंग केलं, आता बरीच वर्षं मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायचं काम. त्यामुळं माझं उत्तर कानाच्या बाजूनं येईल. मूळचा औसा तालुक्यातला आहे, माळवदाच्या घरात वाढलोय, तेव्हा तुमचा वाडा न बघताही थोडाफार ओळखीचा आहे.

'भूत'मध्ये आधी घर येतं, मग भूत येतं. 'भूत रिटर्न्स'मध्ये घर येतच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढं लिहितोय तो त्याचाच विस्तार.

तुमच्या वयाच्या मुलांना वर्मा हा माणूस काय होता ते कदाचित पुरतं ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागं जातो. १९८९चा तेलुगू 'शिवा' आला तेव्हा आवाजाच्या धंद्यातल्या लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. स्टेडीकॅम नावाची, अंगावर बांधून चालता-चालता कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे नवी होती. त्यानं ती धावत्या माणसामागं सोडली. १९९२ला 'रात' आला. रेवती, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी. त्याआधी भयपट काढणाऱ्या रॅमसे बंधूंच्या हवेल्या, धूर आणि मेकअपचे मुखवटे यांची सवय झालेल्या प्रेक्षकाला त्यानं मध्यमवर्गीय कुटुंबाच्या साध्या घरात नेऊन बसवलं. १९९९चा 'कौन' तर एक घर, बाहेर पाऊस आणि तीन माणसं एवढ्यावर उभा आहे. दारावरची बेल हे त्यातलं सगळ्यात मोठं हत्यार. मनोज बाजपेयीचं ते पात्र पुन्हा पुन्हा बेल वाजवतं आणि दर वेळी त्या बेलचा अर्थ बदलतो. आधी त्रास वाटतो, मग संशय येतो, मग धोका. आवाज तोच, स्वर तोच, फक्त आतल्या बाईची आणि आपली समजूत पुढं सरकलेली असते. मी शिकवायला जातो तिथं आजही पहिल्या दिवशी ही बेल ऐकवतो.

म्हणून 'भूत रिटर्न्स'चं वाईट वाटतं. ज्याला कधी जमलंच नाही त्याचा सिनेमा फसला तर आपण घरी येऊन जेवतो आणि विसरतो. इथं ज्याच्या हातात विद्या होती त्याच्याच हातून ती सुटलेली दिसते.

'भूत' मी लातूरला पाहिला. मे महिन्याच्या शेवटी तो लागला, मी तेव्हा मुंबईत सहायक होतो आणि जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर गावी आलो होतो. मावसभावाला घेऊन रात्रीच्या खेळाला गेलो. सुरुवातीला खाली शिट्ट्या, हाका, सगळं नेहमीसारखं. वीस-पंचवीस मिनिटांनी खालचा आवाज बंद झाला. पंख्यांची घरघर तेवढी राहिली. सिनेमात गाणं नव्हतं. हिंदी सिनेमात गाणं येणार म्हणून लोक बाहेर बिडी ओढायला जायचे, त्यांना जायला जागाच मिळाली नाही. परत येताना वीस किलोमीटर मोटारसायकलवर भाऊ एक शब्द बोलला नाही. घरी पोचल्यावर अंगणातला दिवा लागेपर्यंत मला हेडलाइट बंद करू दिला नाही.

आता त्या सिनेमात भूत किती वेळ दिसतं ते मोजा. तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा घड्याळ लावून बघा. पहिला मोठा भाग घर दाखवण्यात जातो. नवरा-बायको उंच इमारतीत फ्लॅट घेतात. नवरा कामावर जातो, बायको घरात एकटी. कामवाली बाई आहे, खाली वॉचमन आहे, लिफ्ट आहे, पार्किंग आहे. त्या फ्लॅटमधून पूर्वी एक बाई खाली पडून गेली, हे नवऱ्याला माहीत आहे आणि त्यानं बायकोपासून लपवलंय. ही गोष्ट पटकथेत फार मोलाची आहे. आपल्याला माहीत आहे, तिला नाही. ती गॅलरीत गेली की आपल्या पोटात खड्डा पडतो आणि ती मात्र निवांत असते. इथं दिग्दर्शकानं काहीही वाजवलं नाही तरी चालतं. आपणच आतून वाजत असतो.

आणि दिग्दर्शक ते घर तुमच्या पायाखाली घालतो. हॉल कुठं, जिना कुठं, झोपायची खोली कुठं, पाणी प्यायला उठलं तर कुठून जावं लागतं. अर्ध्या तासात तुम्ही त्या घरात अंधारात चालू शकता. मग एक दिवस तोच रस्ता, तोच जिना, आणि काहीतरी चुकलेलं. उर्मिला मातोंडकरचं काम उत्तम आहे, तिला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला; पण ते काम उभं राहतं कारण तिच्या पायाखाली आपल्याला पक्की माहीत असलेली फरशी आहे.

आपल्या गावांत चकव्याची गोष्ट सांगतात, ती आठवा. माणूस रात्री शेतातून घरी निघतो, वाट रोजच्या पायाखालची, आणि तो रात्रभर त्याच चार बांधांत फिरत राहतो. सकाळी लोकांना सापडतो तो स्वतःच्याच विहिरीजवळ. माझ्या आजीनं ही गोष्ट मला निदान पन्नास वेळा सांगितली असेल आणि दर वेळी आधी ती वाट सांगायची: लिंबाचं झाड, मग ओढा, मग अमक्याची आखाडी, मग वळण. मी म्हणायचो, आजी, पुढं सांग की. ती म्हणायची, "थांब जरा, वाट तर ध्येनात घे." परक्या मुलखात कुणाला चकवा लागत नाही. तिथं माणूस नुसता चुकतो.

'भूत रिटर्न्स'मध्ये एक कुटुंब मोठ्या बंगल्यात राहायला येतं. बंगला स्वस्तात मिळालेला. जे. डी. चक्रवर्ती नवरा, मनीषा कोईराला बायको, दोन मुलं. धाकटी निम्मी एक बाहुली घेऊन फिरते आणि 'शब्बू' नावाची मैत्रीण आहे म्हणते, जी कुणाला दिसत नाही. नवऱ्याची बहीण येते, तिला संशय येतो, ती घरभर छुपे कॅमेरे लावते. कागदावर यात काही वाईट नाही. लहान मूल आणि न दिसणारी मैत्रीण, यावर चांगले सिनेमे झालेत आणि होतील. पहिल्या 'भूत'च्या कथेशी याचा संबंध नाही, नाव तेवढं पुढं आलंय, आणि तेही मी दोष धरत नाही.

दोष तिथं आहे जिथं बंगला आपल्याला कधीच समजत नाही. कॅमेरा कधी टेबलाखाली, कधी पंख्याजवळ, कधी वस्तूंच्या फटीतून, कधी माणसाच्या नाकासमोर. २०११-१२च्या सुमाराला वर्मांनी लहान डिजिटल कॅमेऱ्यांचा मार्ग धरला होता. 'दोंगला मुठा' नावाचा तेलुगू सिनेमा त्यांनी सात माणसांच्या युनिटसह पाच दिवसांत, स्टिल कॅमेऱ्यावर चित्रित केला. मग 'नॉट अ लव्ह स्टोरी' आला, मग 'डिपार्टमेंट'. कॅमेरा कुठंही बसतो म्हटल्यावर तो सगळीकडे बसायला लागला. त्यामागचं धाडस मी मानतो. स्वस्त साधनांनी सिनेमा करायची वाट त्यांनी उघडी केली, तुमच्यासारख्यांना तिचा फायदाच आहे. पण भयपटात कॅमेऱ्याची जागा ही कुणाची तरी नजर असते. एखाद्या दृश्यात कॅमेरा कपाटाच्या वर, छताच्या कोपऱ्यात गेला, की आपल्या मनात येतं: तिथून कोण बघतंय? ही शंका फार मौल्यवान आहे. ती सिनेमात दोनदा किंवा तीनदा वापरायची. प्रत्येक शॉट असाच विचित्र जागेवरून घेतला की प्रेक्षक विचारायचं सोडून देतो. सगळीकडून कुणीतरी बघतंय म्हणजे कुणीच बघत नाही.

छुप्या कॅमेऱ्यांचा प्रकार २००७च्या 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'नंतर सगळ्या जगात आला. तो सिनेमा सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये झाला, तुम्ही जरूर बघा. त्यात झोपायच्या खोलीचा एकच स्थिर शॉट रात्रीमागून रात्री येतो. पलंग इथं, दार तिथं, दारापलीकडं अंधारा बोळ. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत ती चौकट तुम्हाला पाठ झालेली असते, आणि मग दार दोन इंच हललं तरी पुरतं. 'भूत रिटर्न्स'मध्ये कॅमेरे लावले जातात, पण तोवर खोल्याच पाठ झालेल्या नसतात. मग पडद्यावर काही हललं तर ते आधी कुठं होतं हेच आठवत नाही.

आता आवाज. इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, दचकणं आणि धास्ती. दचकणं शरीराचं काम आहे. अचानक मोठा आवाज झाला की डोकं विचार करायच्या आधी पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर येतात. त्याला कथा लागत नाही, पात्र लागत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो. आणि हा धक्का पुन्हा पुन्हा दिला की शरीर त्याला सरावतं, प्रत्येक वेळी कमी दचकतं. हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे आणि थिएटरात मागं बसून मी ते शेकडो वेळा पाहिलंय. धास्ती वेगळी. ती आधी यायला वेळ लावते आणि नंतर जायला वेळ लावते. मावसभावानं मला हेडलाइट बंद करू दिला नाही, ती धास्ती होती. 'भूत रिटर्न्स' जवळजवळ पूर्ण वेळ दचकवायच्या मागं आहे. दार वाजलं, धाड. कुणी वळलं, धाड. नोकर मागून आला, पुन्हा धाड. अर्ध्या तासात कान म्हणतात, कळलं.

यात एक तांत्रिक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. सिनेमागृहातला आवाज ठरलेल्या मापाला लावलेला असतो. डॉल्बीच्या यंत्रावर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर ठेवून पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचा ठराविक खर्ज-खरखर असलेला आवाज सोडला, की प्रेक्षकाच्या खुर्चीवर ८५ डेसिबल भरले पाहिजेत. आम्ही मिक्सिंगच्या खोलीत याच मापावर काम करतो, म्हणजे आम्ही ऐकलं तेच तुम्ही ऐकावं. आता सिनेमा सतत किंचाळणारा असेल तर काय होतं? पहिल्याच खेळाला लोक तक्रार करतात, मॅनेजर फेडर ७ वरून ५ वर आणतो, कधी साडेचारवर. तो तसाच राहतो. धाड तरीही ऐकू येते, कारण ती मुळात मोठीच असते. मरतो तो बारीक आवाज: शेजारच्या खोलीतला श्वास, वरच्या मजल्यावरचं पाऊल, नळाचा थेंब. म्हणजे ज्या आवाजांनी धास्ती लागणार होती तेच पंख्याच्या घरघरीखाली गाडले जातात. लातूर, परभणी, नांदेडच्या एकपडदा थिएटरांत मी हे स्वतः जाऊन पाहिलंय. जास्त ओरडणारा सिनेमा आपलीच शांतता खाऊन टाकतो.

माझ्या हातूनही हे घडलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका भयपटाचं मिक्सिंग मी केलं. दिग्दर्शक एके काळी नावाजलेला. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. पहिल्या ट्रायलला सात-आठ ठिकाणी आम्ही पूर्ण शांतता ठेवली होती आणि त्या मला फार आवडल्या होत्या. ट्रायलनंतर निर्मात्यांकडून निरोप आला की मध्ये फार रिकामं वाटतंय, भरून काढा. दिग्दर्शक माझ्याकडं बघून म्हणाले, "टाक रे, लोक कंटाळतील." मी टाकले. चार रात्रींत सगळ्या शांतता बुजवल्या. तो सिनेमा एका आठवड्यात उतरला. आवाज न टाकल्यानं तो चालला असता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मला कळलं की चांगला दिग्दर्शक उतरणीला लागतो तो बहुतेक याच वाक्याशी: लोक कंटाळतील. आधी तो प्रेक्षकाला थांबायला लावायचा, आता तो स्वतःच थांबायला घाबरतो.

वर्मांच्या बाबतीतही मला तेच दिसतं, आणि हे माझं मत आहे, कुणी आतली बातमी दिलेली नाही. २००८चा 'फूंक' आला तेव्हा एकट्यानं थिएटरात बसून बघणाऱ्याला पाच लाख रुपये देऊ अशी घोषणा झाली होती. घोषणा गाजली. २००९च्या 'अज्ञात'मध्ये जंगलातलं संकट शेवटपर्यंत दाखवलंच नाही आणि पुढच्या भागाचं आश्वासन दिलं. न दाखवणं ही 'कौन'मध्ये ताकद होती, कारण तिथं न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आपल्या मनात दर पाच मिनिटांनी नवा अंदाज तयार होत होता. 'अज्ञात'मध्ये अंदाज करायला धागाच दिला नव्हता. साधन तेच, त्याच्याखालची मेहनत गेलेली.

थ्रीडीबद्दल थोडंच सांगतो. 'भूत रिटर्न्स' थ्रीडीत काढला होता, मी तो तेव्हाच्या औरंगाबादेत चष्मा लावून पाहिला. साध्या सिनेमासाठी पडद्यावर १४ फूट-लँबर्ट उजेड असावा असं माप आहे. थ्रीडीच्या चष्म्यातून डोळ्यापर्यंत त्यातला बऱ्याचदा चार-पाचच पोचतो. म्हणजे अंधाराचा खेळ करणाऱ्या सिनेमावर तुम्ही गडद काच धरता. मग अंधार काळा न दिसता मळकट राखाडी दिसतो, किंवा ते टाळायला दृश्यं जास्त उजळ करावी लागतात आणि अंधारच उरत नाही. शिवाय खोली जाणवायला डोळ्यांना वेळ लागतो, शॉट पटापट बदलले की डोळे दुखतात. माझ्यामागं बसलेली पोरं मध्यांतरानंतर चष्मे काढून गप्पा मारत होती.

आता तुमच्या वाड्याकडं येतो. त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, ती मी सहसा लिहीत नाही.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारावीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. आमच्या गावात किल्लारी-सास्तूरइतका विध्वंस झाला नाही. आमचं घर उभं राहिलं, एका भिंतीला चीर गेली. पण त्यानंतर कितीतरी महिने लोक घरात झोपले नाहीत. अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये, थंडीतसुद्धा. तुम्हाला माळवदाचं घर माहीत आहे: दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा असतो तो त्याच मातीमुळं. आणि ज्यांची घरं पडली ती माणसं गाडली गेली तीही त्याच दगड-मातीखाली. माळवदातून रात्री थोडी माती गळणं ही आमच्या लहानपणी रोजची गोष्ट होती. उंदीर पळाला की अंथरुणावर चिमूटभर माती पडायची, आई सकाळी झाडून टाकायची. भूकंपानंतर तोच आवाज झाला, अगदी कागदावर वाळू ओतावी इतका बारीक, की अख्खं घर उठून बाहेर पळायचं. माझी आई आजही स्लॅबच्या घरात झोपते, तरी छताकडं बघून झोपते.

हे मी तुम्हाला वापरायला देत नाही. हजारो माणसं गेली त्या रात्रीला भयपटाचा मसाला करू नये, असं मला मनापासून वाटतं. सांगायचं एवढ्यासाठी की मला भीतीबद्दल जे कळतं ते त्या मातीच्या आवाजातून कळतं. आवाज चिमूटभर होता, पण घर आमचं होतं. ज्या छताखाली आपण जन्मलो त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. परक्याच्या घरात माती गळाली असती तर आम्ही मानही वळवली नसती.

म्हणून पटकथा लिहायच्या आधी वाड्यात दोन रात्री राहा. कॅमेरा नेऊ नका, रेकॉर्डर न्या. भाड्यानं मिळणारा साधा रेकॉर्डर चालेल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावा. प्रत्येक खोलीत रात्री दहा, बारा आणि तीनला दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करा, आणि तेवढा वेळ तुम्ही स्वतः दुसऱ्या खोलीत बसा. ओसरी, माजघर, देवघर, बळदाची, म्हणजे धान्य साठवायची खोली, प्रत्येकीचा मौनाचा सूर वेगळा निघेल. बळदात धान्य असेल तर खोली मुकी वाटते, रिकामं असेल तर तुमचाच श्वास परत येतो. छताला सानं, म्हणजे उजेड-हवेसाठी ठेवलेलं भोक, असेल तर बाहेरचा आवाज वरून उतरतो, दारातून आल्यासारखा वाटत नाही. हा फरक तुमच्या फिल्ममध्ये सोन्याच्या भावाचा आहे: प्रेक्षकाला दोन-चार दृश्यांत सान्यातून येणारा दिवसाचा आवाज ऐकवा, चिमण्या, शेजारची हाक, दळणाची गिरणी. मग रात्री त्याच जागेतून काहीतरी ऐकू आलं तर त्याला लगेच कळेल की हे छतावर आहे. तुम्हाला दाखवावं लागणार नाही.

मराठवाड्यातल्या रात्रीचे स्वतःचे आवाज आहेत, ते गोळा करा. इंटरनेटवरून उतरवलेला परदेशी घुबडाचा घुत्कार टाकू नका. आपल्याकडं पिंगळा आहे, टिटवी आहे, आणि टिटवी रात्री ओरडली की आजही म्हातारी माणसं उठून बसतात. पत्र्याचे आवाज घ्या. दिवसभर बेचाळीस अंशांत तापलेला पत्रा रात्री आकसतो आणि मध्येच टण्ण करतो, जसं कुणी वर पाय ठेवलाय. आणि मला सगळ्यात भीतीदायक वाटणारा आवाज सांगू का? शेतीला एक आठवडा दिवसा लाइट असते, एक आठवडा रात्री. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीला ऑटो, म्हणजे लाइट आली की ती आपोआप चालू करणारा स्टार्टर, लावलेला असतो. मध्यरात्री लाइट आली की काळ्या शिवारात कुणीही नसताना एक मोटार आपोआप सुरू होते, मग लांब दुसरी, मग तिसरी. पाइपात पाणी चढतं आणि कुठंतरी अंधारात पडायला लागतं. हा आवाज कुठल्याही सिनेमात मी नीट वापरलेला ऐकला नाही. तुम्ही वापरा. पण आधी दिवसा, उजेडात, एखाद्या पात्राला ऑटो लावताना दाखवा.

२०१७ला आलेला मराठी 'लपाछपी' पाहिला नसेल तर पाहा. उसाच्या फडात एक घर, गरोदर बाई, बरंचसं भरउजेडात. उसात पाच फुटांपलीकडं दिसत नाही हे ज्यानं एकदा फडात पाय ठेवलाय त्याला सांगावं लागत नाही, आणि बीड-धाराशिवकडच्या प्रेक्षकाला तर मुळीच नाही. त्या सिनेमानं उधारीची जागा घेतली नाही, म्हणून कमी साधनांत तो पोचला.

तुमच्या पटकथेत बाहुली आहे. निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची बाहुली मॉलमधून आणणार असाल तर आणू नका. ती पाहिल्याबरोबर प्रेक्षकाला पाहिलेले दहा सिनेमे आठवतात आणि वाडा पुसला जातो. त्या घरात कुणा आजीनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची बाहुली केली असेल. तशी करून घ्या. ते लुगडं आधी आजीच्या अंगावर दिसू द्या, मग दोरीवर वाळताना दिसू द्या. त्यानंतर बाहुलीनं काहीही केलं नाही तरी चालेल.

दचकवणारा मोठा आवाज अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच ठेवा, आणि तो शेवटच्या पाच मिनिटांत नको. शेवटी लोक वाटच बघत असतात. बारा-तेराव्या मिनिटाला, दुपारच्या एखाद्या साध्या दृश्यात तो द्या. त्यानंतर उरलेली फिल्म तुम्ही शांत ठेवलीत तरी प्रेक्षक पुन्हा सैल बसणार नाही. आणि मिक्सिंगच्या वेळी कुणीही रिकामं वाटतंय म्हणालं तर त्याला ती जागा मोठ्या स्पीकरवर, दिवे बंद करून पुन्हा ऐकवा. लॅपटॉपवर शांतता ऐकू येत नाही, नुसता आवाज गेलाय असं वाटतं.

वेळेचं बघा. चैत्र-वैशाखात जा. मृगाचा पहिला पाऊस पडला की बेडूक आणि रातकिडे रात्रभर इतके ओरडतात की वाड्याचा स्वतःचा आवाज मिळणारच नाही, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं काढता येत नाही. गावात जत्रा किंवा लग्न नाही याची आधी चौकशी करा, नाहीतर दोन्ही रात्री डीजे रेकॉर्ड होईल. पहिल्या रात्रीचं रेकॉर्डिंग झालं की खोलीचं नाव आणि वेळ प्रत्येक फाइलवर लिहून मला पाठवा. मी ऐकतो, आणि कुठली खोली कुठल्या प्रहराला वापरायची ते आपण मिळून ठरवू.